मर्सिडीज-बेंझमध्ये मिरवण्यापलीकडे काही आहे का? तिचा इतिहास काय, आणि वापरलेली घ्यावी का?

तुम्ही तीन गोष्टी विचारल्या आहेत: कंपनीचा इतिहास, लोकांना असलेलं तिचं वेड, आणि आठ-दहा वर्षं वापरलेली मर्सिडीज घ्यावी की नाही. त्याखाली एक ओळ जोडली आहे, "शेवटी ही पैसेवाल्यांची मिरवायचीच गाडी ना?" मी लिहायला बसलो तो या ओळीमुळे. ही ओळ मी घरात ऐकलेली आहे आणि तिचं उत्तर द्यायचं बरीच वर्षं राहून गेलंय.

माझे वडील कऱ्हाड-पाटण रस्त्यावर वडाप, म्हणजे सीटवर भाडं घेणारी खासगी गाडी, चालवायचे. गाडी टेम्पो ट्रॅक्स. सकाळी पाटणचं दूध आणि कॉलेजची पोरं, दुपारी बाजारची माणसं, लग्नसराईत वऱ्हाड घेऊन कुंभार्ली घाटातून चिपळूणपर्यंत. त्या ट्रॅक्सच्या बॉनेटखालचं इंजिन मुळात मर्सिडीजचं होतं. ही पारावरची गोष्ट नाही. आकुर्डीच्या बजाज टेम्पोने, म्हणजे आजच्या फोर्स मोटर्सने, ८० च्या दशकात मर्सिडीज बनवणाऱ्या डायमलर-बेंझकडून परवाना घेऊन ओएम ६१६ हे २.४ लिटरचं चार सिलिंडरचं डिझेल इंजिन इथे बनवायला घेतलं. जर्मनीत हेच इंजिन २४० डी नावाच्या मर्सिडीजमध्ये बसायचं. १९८७ ला आलेली टेम्पो ट्रॅव्हलरही मर्सिडीजच्या टी१ व्हॅनवरूनच बेतलेली. म्हणजे तुम्ही ट्रॅव्हलरने कधी शिर्डी-अक्कलकोट केलं असेल, तर मर्सिडीजची कारागिरी तुम्ही तेव्हाच अनुभवली आहे.

त्या इंजिनात काय होतं ते सांगतो, कारण 'आकर्षण' म्हणतात ते माझ्या दृष्टीने इथे आहे. डिझेल थेट सिलिंडरमध्ये न मारता आधी हेडमधल्या एका छोट्या कप्प्यात मारायचं, तिथे ते पेटायचं आणि मग जाळ खाली पिस्टनवर यायचा. त्यामुळे थोडं डिझेल जास्त जातं, पण इंजिन कमी ठोकतं आणि भेसळीचं इंधनही पचवतं. टायमिंगला पट्टा नाही, दुहेरी चेन. इलेक्ट्रॉनिक काहीच नाही. एकदा सुरू झालं की बॅटरी काढून घेतली तरी चालत राहील. कोयनानगरच्या पावसात, जिथे चार महिने कपडे वाळत नाहीत, तिथे सकाळी हीटर तापवला की वडिलांची गाडी सुरू व्हायची. कऱ्हाडच्या मिस्त्रींनी एकदा तिचं हेड उघडलं तेव्हा मी शेजारी बसून होतो. सिलिंडर झिजला की आत वरच्या बाजूला कड उठते. त्यांनी सिलिंडरच्या आतून बोट फिरवलं आणि म्हणाले, "अजून कड लागत नाय बघ बोटाला. हे मर्सिडीजचं इंजान हाय." मी पुढे मेकॅनिकल डिप्लोमाला गेलो तो त्या दिवसामुळे, असं म्हटलं तरी चालेल.

आता वादाची गोष्ट. मी डिप्लोमाला असताना पाटणला आत्याच्या घराची वास्तुशांत होती. आत्याचे जावई मुंबईहून वापरलेली मर्सिडीज घेऊन आले. गाडी सुंदर होती, मी खोटं सांगणार नाही. पांढरी, आत लाकडी पट्ट्या, दार लावलं की येणारा तो जड, बंद आवाज. पोरं भोवती जमली. वडील जेवणं उरकून हात धुऊन आले आणि त्यांनी बॉनेटवर हात ठेवला, बैलाच्या वशिंडावर ठेवतात तसा. दाजी लांबूनच म्हणाले, "मामा, हात नका लावू, पॉलिश आहे." वडिलांनी हात काढला. मग सहज म्हणाले, "जावईबापू, तुमच्या गाडीचा आन् माझ्या ट्रॅक्सचा बा एकच हाय." मांडवातली सगळी माणसं हसली. दाजी सगळ्यांत मोठ्याने हसले. म्हणाले, "मामा, मर्सिडीज म्हणजे काय ते वडापवाल्याला नाही कळायचं. ही गाडी चालवायची नसते, उतरताना लोकांनी बघायची असते."

जावयाला उलट बोलायची आमच्यात पद्धत नाही. वडील गप्प बसले. मला बोलायचं होतं, पण आईने दंड धरला. त्या रात्री ट्रॅक्स घेऊन घरी येताना वडील एवढंच म्हणाले, "त्याला गाडी कळली नाय." वडील बरोबर होते आणि मांडवातली सगळी माणसं चूक होती, हे मला तेव्हाही माहीत होतं. आता पुराव्यानिशी लिहितो. कंपनीचा इतिहास तुम्हाला हवाच आहे, तो यातच येतो.

कार्ल बेंझने मानहाइममध्ये तीन चाकांच्या मोटारगाडीचं पेटंट २९ जानेवारी १८८६ ला नोंदवलं. पेटंट झालं, पण गाडी विकत घ्यायला कोणी पुढे येईना. तिला रस्त्यावर आणलं त्याच्या बायकोने. बेर्था बेंझने लग्नात मिळायचे पैसे लग्नाआधीच मागून घेऊन त्याच्या धंद्यात घातले होते. ऑगस्ट १८८८ मध्ये नवऱ्याला न सांगता, दोन मुलांना घेऊन, ती मानहाइमहून माहेरी फोर्टस्हाइमला गाडीने निघाली. शंभराहून जास्त किलोमीटर. इंधनाची नळी तुंबली ती टोपीच्या पिनेने मोकळी केली. वायर उघडी पडली तिच्यावर मोज्याचा पट्टा गुंडाळला. वीसलोखच्या औषधाच्या दुकानातून इंधन म्हणून लिग्रोइन घेतलं. ब्रेकचे ठोकळे झिजले तेव्हा चांभाराकडून त्यांना कातडं लावून घेतलं. चढाला मुलांनी ढकललं, आणि परत आल्यावर तिने नवऱ्याला सांगितलं की चढासाठी आणखी एक गिअर पाहिजे. जगातली पहिली लांब पल्ल्याची मोटारफेरी ही अशी, वाटेत दुरुस्ती करत गेलेली. वडापवाल्याला यातलं काय कळणार नाही ते मला कोणीतरी समजावून सांगावं.

दुसरीकडे कानश्टाटला गोटलिब डायमलर आणि विल्हेल्म मायबाख बागेतल्या काचघरात इंजिन घडवत होते. 'मर्सिडीज' हे नाव त्यांच्या बाजूने आलं. नीसमध्ये राहणाऱ्या एमिल येलिनेक या व्यापाऱ्याने १९०० साली डायमलरकडे ३६ गाड्यांची मागणी नोंदवली आणि नव्या इंजिनाला आपल्या मुलीचं नाव द्यायला लावलं. त्यातून मायबाखने १९०१ ची ३५ अश्वशक्तीची मर्सिडीज काढली. ती बुटकी, रुंद आणि लांब होती; बग्गीला इंजिन जोडल्यासारखी न दिसणारी गाडी म्हणजे ही. गाडीवरचं तीन टोकांच्या ताऱ्याचं चिन्ह १९०९ चं, आणि डायमलर व बेंझ या कंपन्या एक झाल्या त्या १९२६ मध्ये. येलिनेक श्रीमंत होता आणि त्याला शर्यती जिंकायच्या होत्या, हे मान्य. मिरवण्याचा धागा तेव्हापासून आहे.

पण पोट कशावर भरलं ते बघा. जगातली पहिली मोटार टॅक्सी १८९७ साली स्टुटगार्टमध्ये धावली, ती डायमलरची. १९३६ ला त्यांनी २६० डी ही डिझेल मोटार बाजारात आणली आणि ती टॅक्सीवाल्यांनी उचलली. १९७६ पासूनची डब्ल्यू१२३ ही मालिका घ्या: दहा वर्षांत सुमारे २७ लाख गाड्या, त्यातल्या कितीतरी जर्मनीत टॅक्सी म्हणून आणि मग आफ्रिकेत, अरब देशांत पुन्हा टॅक्सी म्हणून. याच मालिकेतली २४० डी अश्वशक्तीत फक्त ७२ ची, म्हणजे पळण्यात काही नाही. ग्रीसमधल्या एका टॅक्सीवाल्याने आपली त्याआधीच्या मालिकेतली २४० डी ४६ लाख किलोमीटर चालवली, तेव्हा कंपनीने ती २००४ साली आपल्या संग्रहालयासाठी मागून घेतली. इंजिनं बदलत चालवली, पण गाडी तीच. तिच्याकडे 'उतरताना बघायची गाडी' म्हणून कोण बघेल?

दुसरा पुरावा यापेक्षा मोठा आहे. पूर्वी सगळ्यांना वाटायचं की गाडी जितकी कडक तितकी सुरक्षित. बेला बारेनी नावाच्या इंजिनिअरने उलटं मांडलं: गाडीचं नाक आणि शेपूट चेपू द्या, म्हणजे धडकेचा जोर तिथेच जिरेल, आणि मधला माणसांचा पिंजरा तेवढा कडक ठेवा. पेटंट १९५१ चं, आणि तशी गाडी रस्त्यावर आली १९५९ मध्ये. आज तुम्ही कुठलीही कार घ्या, अपघातात तिचं बॉनेट घडी होतं ते त्याच्या डोक्यातून आलेलं आहे. लोक अजूनही म्हणतात "पत्रा पातळ, लगेच चेपली". ती चेपायलाच हवी. बॉशबरोबर काढलेला, चाकं लॉक होऊ न देणारा एबीएस ब्रेक १९७८ ला एस-क्लास या त्यांच्या महागड्या कारमध्ये आला, एअरबॅग १९८१ ला. भारतात ड्रायव्हरसमोरची एअरबॅग सक्तीची व्हायला २०१९ उजाडलं. पावसात कुंभार्ली उतरताना चाकं लॉक होऊन गाडी कडेला सरकते म्हणजे काय, हे मी पोरवयात मागच्या बाकावरून पाहिलंय. एबीएस काय चीज आहे हे त्यानंतर मला कोणी समजावून सांगायची गरज पडली नाही.

आपल्याशी नातंही ट्रकपासून सुरू होतं. १९५४ ला टेल्कोने, म्हणजे आजच्या टाटा मोटर्सने, डायमलर-बेंझशी करार करून जमशेदपूरला ट्रक काढले आणि त्यांच्या तोंडावर तारा होता. जुने ड्रायव्हर अजून 'टाटा-मर्सिडीज' म्हणतात. कार आली फार उशिरा: १९९४ ला पुण्यात कंपनी निघाली, १९९५ पासून टेल्कोच्या पिंपरीच्या आवारात ई-क्लास जोडायला लागले, आणि २००९ ला चाकणला स्वतःचा कारखाना झाला. म्हणजे भारतात बनलेल्या गाडीवर हा तारा आधी मालट्रकवर लागला, कारवर त्यानंतर चाळीस वर्षांनी.

आता ज्या गोष्टी सांगितल्याशिवाय हे उत्तर खरं होणार नाही त्या. हिटलरच्या राजवटीत या कंपनीने सक्तीचे मजूर राबवले. १९४४ मध्ये तिच्या कामगारांपैकी निम्म्याच्या आसपास माणसं तशी होती, त्यात युद्धकैदी आणि छळछावण्यांतले कैदीही होते. कंपनीने हे नंतर कबूल केलं आणि भरपाईच्या निधीत पैसेही घातले, पण तो डाग आहे आणि राहील. १९५५ च्या ल मांस शर्यतीत त्यांची गाडी प्रेक्षकांत घुसून ८० हून जास्त माणसं गेली. ९० च्या दशकाच्या शेवटी खर्च वाचवायच्या नादात दर्जा घसरला. त्या वेळच्या काही मॉडेलांना गंज लागायचा हे जगजाहीर आहे. अमेरिकेत डिझेल गाड्यांच्या धुराच्या चाचणीत फसवणूक केल्याच्या आरोपावरून २०२० साली मोठी रक्कम भरून तडजोड करावी लागली. डिझेलवर प्रेम करणाऱ्या माझ्यासारख्याला ते जास्त लागलं. आणि मी वर ज्या इंजिनाचं कौतुक केलं तसं इंजिन आज भारतात नव्या गाडीत बसवू देणार नाहीत, धूर फार.

राहिला वापरलेली घ्यायचा प्रश्न. नवी कोरी केवढ्याला होती ते धरून खर्चाचा अंदाज बांधा, तुम्ही केवढ्याला घेतली त्यावर नाही. साठ लाखांची गाडी बारा लाखांना मिळते, पण तिचे ब्रेक, सस्पेन्शन आणि गिअरबॉक्सचं ऑइल साठ लाखांच्याच गाडीचं असतं. सर्व्हिसची सगळी बिलं पाहिल्याशिवाय इसार देऊ नका. एअर सस्पेन्शन (स्प्रिंगऐवजी हवेच्या पिशव्या) असलेली गाडी रात्रभर उभी ठेवून सकाळी खाली बसली आहे का बघा. कर्ज काढून तर अजिबात घेऊ नका. दाजींनी कर्ज काढून घेतली होती. हप्ता भरून ऑइल बदलायला पैसे उरायचे नाहीत, म्हणून सर्व्हिस पुढे ढकलत राहिले आणि शेवटी पडेल भावात देऊन टाकली. त्यात गाडीचा काही दोष नव्हता. वडिलांची ट्रॅक्स त्यानंतरही कितीतरी वर्षं त्याच रस्त्यावर होती, कारण वडील चहा टाळायचे पण ऑइल टाळायचे नाहीत.

दर वर्षी लाख-दीड लाख देखभालीला बाजूला ठेवता येत असतील आणि गाडी स्वतः चालवणार असाल, तर खुशाल घ्या. लांबच्या रस्त्यावर तिच्यासारखी शांत बसणारी गाडी दुसरी नाही असं माझं ठाम मत आहे. ते जमणार नसेल तर त्याच पैशांत सहा एअरबॅगची नवी साधी गाडी घ्या. आणि कोणी म्हातारा माणूस बॉनेटवर हात ठेवायला आला तर ठेवू द्या.