अकरा वर्षांची मुलगी ब्रेस्टस्ट्रोकमध्ये चांगली आहे, पण सर फ्रीस्टाइलकडे वळवा म्हणतात. ब्रेस्टस्ट्रोकमध्ये करिअर होतं का?

होतं. आणि अकरा वर्षांच्या मुलीचा चांगला बसलेला ब्रेस्टस्ट्रोक (बेडकासारखे हात-पाय मारत पोहणं) कुणी मोडायला निघालं असेल, तर आधी कारण विचारा. "हळू स्ट्रोक आहे" हे कारण नव्हे. हळू तर आहेच. पुरुषांचा १०० मीटरचा विश्वविक्रम फ्रीस्टाइलमध्ये ४६.४० सेकंद, ब्रेस्टस्ट्रोकमध्ये ५६.८८. पण तिची शर्यत ब्रेस्टस्ट्रोकवाल्यांशीच असणार आहे ना!

मी कोल्हापूरची. २००८ ला वीरधवल खाडे बीजिंग ऑलिंपिकला फ्रीस्टाइल पोहायला गेला आणि आमच्या टँकवर जो तो फ्रीस्टाइलच्या मागे लागला. वीरधवलचा अभिमान मला आजही आहे. पण त्याच ऑलिंपिकमध्ये दिल्लीचा संदीप सेजवाल १०० आणि २०० मीटर ब्रेस्टस्ट्रोक पोहला, त्याचं नावही कुणी काढत नव्हतं. मी तेव्हा जिल्ह्यात ब्रेस्टस्ट्रोकला पहिली यायचे. फ्रीस्टाइल रिलेला चौथी मुलगी मिळेना, म्हणून सरांनी मला तिकडे टाकलं. बाबा बोलायला गेले तर म्हणाले, "बेडकासारखं पोहून काय मिळणार आहे तिला?" घरी काकांनी तीच री ओढली. वर्षभर फ्रीस्टाइलचेच सेट, म्हणजे सरावाच्या फेऱ्या.

पुढच्या वर्षी विभागीयला मला परत ब्रेस्टस्ट्रोकला उभं केलं. टर्न झाला, भिंतीला पाय मारला, हात मांडीपर्यंत ओढले, आणि ग्लाइड, म्हणजे पाण्याखाली सरळ सरकत जाणं, मिळालाच नाही, लगेच वर आले. किकला पावलं बाहेर वळेनात, तळव्यांना पाणी लागेना. उजवं पाऊल सरळच राहिलं. सिझर किक (पाय कात्रीसारखे चालणं) म्हणून डीक्यू, म्हणजे शर्यतीतून बाद. काका म्हणाले, "सांगत होतो की नाही?"

नाही काका, उलटं होतं. फ्रीस्टाइलमध्ये जोर मुख्यतः हातांचा, ब्रेस्टस्ट्रोकमध्ये पायांचा. पुल (हातांची ओढ), श्वास, किक, ग्लाइड यांचं टायमिंग रोज पोहूनच टिकतं. २०१४ ला सेजवालने इंचॉनच्या आशियाई स्पर्धेत ५० मीटर ब्रेस्टस्ट्रोकचं ब्राँझ घेतलं, तेव्हा ती बातमी कापून मी काकांच्या हातात दिली. आणि जी शर्यत तेव्हा ऑलिंपिकमध्ये नव्हती, ती २०२८ ला लॉस एंजेलिसमध्ये आहे.

वय काय म्हणाल, तर लिथुआनियाची रूटा मैलुटिटे १५ व्या वर्षी लंडन ऑलिंपिकला १०० मीटर ब्रेस्टस्ट्रोकचं सुवर्ण जिंकली. ब्रिटनचा अ‍ॅडम पीटी रिओ आणि टोकियोला सुवर्ण, पॅरिसला अवघ्या ०.०२ सेकंदाने रौप्य. म्हणजे स्ट्रोक लवकरही फळतो आणि टिकतोही.

पैशाचं विचारलंत तर नुसत्या पोहण्यावर आपल्याकडे घर चालत नाही. महाराष्ट्रात शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, रेल्वेतही भरती होते, पण दोन्हीला पदकं आणि प्रमाणपत्रं नीट लागतात. ती आत्तापासून फाइलला लावा.

आणि हो, या वयात चारही स्ट्रोक यायलाच हवेत, सर त्यासाठी फ्रीस्टाइल करून घेत असतील तर त्यांचं बरोबर आहे. फक्त ब्रेस्टस्ट्रोकचे सेट बंद होऊ देऊ नका. रिलेसाठी तर अजिबात नाही. गुडघ्याच्या आतल्या बाजूला दुखतंय म्हणाली, तर मात्र किक त्याच दिवशी थांबवून डॉक्टरांना दाखवा. ब्रेस्टस्ट्रोकवाल्यांचं दुखणं तिथूनच सुरू होतं.