टेस्टला सहाशे पडतात, मग नीटला का नाही?

प्रश्न : मॅडम, मी रिपीटर आहे, म्हणजे नीट (मेडिकलची प्रवेश परीक्षा) पुन्हा देतेय. 2025 च्या नीटआधी क्लासच्या टेस्टमध्ये मला 590-610 पडायचे आणि खऱ्या पेपरला 468 आले. आता परत टेस्टला 600 च्या वर पडतायत, पण घरात कोणाचाच विश्वास बसत नाही, बाबा म्हणतात हे मार्क धरूच नको. खरंच धरायचे नाहीत का? – एक विद्यार्थिनी, नांदेड

उत्तर : अगं, आधी ते 468 मनातून थोडे हलके कर. 2025 चा फिजिक्सचा पेपर भल्याभल्यांना घाम फोडणारा होता, देशात पहिला आलेल्या मुलाला 720 पैकी 686 होते, आणि त्याच्या आदल्या वर्षी पैकीच्या पैकीवाले एकापेक्षा जास्त होते. म्हणजे तुझे जे सव्वाशे-दीडशे गेले त्यातले काही पेपरनेच नेले, ते तुझ्या खात्यावर टाकू नकोस.

पण सगळेच पेपरने नेले असंही नाही, आणि आत्ताच्या सहाशेची मला जास्त काळजी वाटते. तू दुसऱ्या वर्षी तेच क्लास, तीच टेस्ट सिरीज करत असशील तर बरेच प्रश्न ओळखीचे झालेले असणार, गणित न मांडताच उत्तर आठवतं. पुढच्या टेस्टला एवढंच कर, जो प्रश्न आधी पाहिलाय त्याच्यापुढे पेन्सिलने टिंब दे आणि घरी येऊन टिंबवाले सोडून बाकीच्यात किती टक्के आले ते काढ. तो आकडा धरायचा.

दुसरं म्हणजे ती दुपार. क्लासची टेस्ट सकाळी, ओळखीच्या बेंचवर, हातात घड्याळ. नीट दुपारी 2 ते 5, गेट दीडला बंद, घड्याळ नेता येत नाही, पेनसुद्धा तिथलंच. मे महिन्यातलं आपल्याकडचं ऊन तुला मी काय सांगू, पेपर सुरू व्हायच्या आधीच तास-दोन तास रांगेत आणि बेंचवर गेलेले असतात. माझ्याकडच्या एका मुलीने उत्तरपत्रिकेवरचे सगळे गोल शेवटच्या वीस मिनिटांत भरायचे ठरवले, घाईत मधला एक प्रश्न सुटला आणि तिथून पुढचे गोल एक-एक घर सरकले. बायोलॉजीत होती ती हुशार, बायोलॉजीच गेली. तेव्हापासून मी मुलांना पान संपलं की त्या पानाचे गोल भरून टाकायला लावते.

तिसरं, तू खऱ्या पेपरला किती प्रश्न सोडलेस ते आठव. टेस्टला मुलं बिनधास्त मारतात आणि नीटला मायनसच्या भीतीने हात आखडतो (बरोबर उत्तराला 4 मार्क, चुकलं तर 1 वजा). चारपैकी दोन पर्याय नक्की चूक आहेत हे कळत असेल तर उत्तर द्यायचं, असे दहा प्रश्न मारलेस आणि निम्मे जरी बरोबर आले तरी 20 वजा 5, 15 मार्क हातात. एकही पर्याय कापता येत नसेल तर सोड आणि पुढे जा.

म्हणून बाबांना सांग, टेस्ट बंद करायची नाही, पद्धत बदलायची. दर रविवारी दुपारी 2 ला बस, घड्याळ काढून, ओएमआर शीट (गोल भरायची उत्तरपत्रिका) घेऊन, जुने खरे पेपर घे. फक्त 2021 ते 2024 च्या पेपरात 200 प्रश्न होते आणि त्यातले 180 सोडवायचे होते, त्यामुळे तू प्रत्येक भागातून तेव्हा जेवढे सोडवायचे होते तेवढेच निवड आणि वेळ मात्र आताच्या पॅटर्नप्रमाणे 3 तासच लाव, 2022 ते 2024 ला 3 तास 20 मिनिटं मिळायची ती धरू नको. 2025 चा पेपर पुन्हा सोडवायचं जिवावर येईल, तरी त्याचं फिजिक्स एकदा शांतपणे, वेळ न लावता सोडव. त्यातले किती येत नव्हते आणि किती येत असून घाबरून गेले, हे दोन वेगळे आकडे वहीत लिही, कारण पहिल्यासाठी अभ्यास लागतो आणि दुसऱ्यासाठी त्या रविवारच्या दुपारी.