१०० किलोहर्ट्झला चाललं, १ मेगाहर्ट्झला का नाही?

प्रश्न: १२ व्होल्टचे ५ व्होल्ट करणारा बक कन्व्हर्टर एलटीस्पाइस या सर्किट सिम्युलेशनच्या सॉफ्टवेअरमध्ये केलाय. फ्रिक्वेन्सी १०० किलोहर्ट्झवरून १ मेगाहर्ट्झ केली, कॉइल लहान झाली, वेव्हफॉर्म पण मस्त. पण बोर्ड बनवला तर मॉसफेट (स्विचचं काम करणारा ट्रान्झिस्टर) चटका बसेल इतका तापतोय आणि स्कोपवर नुसतं रिंगिंग, म्हणजे स्विच झाल्यावर थरथरणाऱ्या लाटा. सिम्युलेशन चुकतंय का?

उत्तर: सिम्युलेशन चुकत नाहीये, तुम्ही जे सांगितलं तेवढंच ते करतंय. तुमचा स्विच आयडियल, म्हणजे एनर्जी न खाणारा असणार, आणि खरा मॉसफेट प्रत्येक वेळी चालू-बंद होताना थोडी एनर्जी खातोच, समजा एका सायकलला २ मायक्रोज्यूल, तर १०० किलोहर्ट्झला ०.२ वॉट जातात आणि १ मेगाहर्ट्झला थेट २ वॉट, मग तापणारच ना! म्हणून आधी मॉसफेटच्या कंपनीचं खरं मॉडेल टाका.

आता रिंगिंग. बोर्डवरच्या ट्रॅकला मिलिमीटरमागे साधारण १ नॅनोहेन्री इंडक्टन्स (छोट्या कॉइलसारखा परिणाम) असतो, म्हणजे इनपुट कपॅसिटर, दोन मॉसफेट आणि ग्राउंड या लूपमध्ये ५ नॅनोहेन्री सहज होतात, त्यात मॉसफेटचा ५०० पिकोफॅरड कपॅसिटन्स धरला की रिंगिंग येतं १०० मेगाहर्ट्झच्या आसपास. हे इंडक्टन्स सर्किटमध्ये स्वतः टाकायचे, सॉफ्टवेअर आपणहून टाकत नाही, माझ्या मते सगळ्यात जास्त लोक इथेच अडकतात. आणि मॅक्सिमम टाइमस्टेप, म्हणजे सिम्युलेशनचं एक पाऊल, १ नॅनोसेकंद किंवा त्याहून कमी ठेवा, नाहीतर १० नॅनोसेकंदांची लाट दिसणार कशी? रन हळू होईल, होऊ दे, थोड्याच सायकल बघा.

डेड टाइम, म्हणजे दोन्ही मॉसफेट बंद असतात तो वेळ, पण तपासा, दोन्ही बाजूंना २० नॅनोसेकंद धरले तर आता १ मेगाहर्ट्झला सायकलचा ४ टक्के वेळ त्यातच जातो. आणि बोर्डवर इनपुटचा सिरॅमिक कपॅसिटर मॉसफेटला अगदी चिकटून लावा.