पेनांगला जाताना खाकऱ्यांची बॅग घरीच ठेवा

तुमचा प्रश्न असा होता: डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात पुण्याहून पाचजण निघणार, म्हणजे तुम्ही दोघं, नऊ वर्षांची मुलगी आणि आई-बाबा. आईंना अंडंही चालत नाही. बाबा मासे आवडीने खातात, पण डुक्कर आणि गोमांस नको. पाच रात्री हाताशी आहेत. मलेशियातल्या बेटांपैकी लंकावी की पेनांग की दोन्ही, आणि आईंसाठी खाकरे-दशम्या किती न्यायच्या?

मी अकरा वर्षं क्वालालंपूरला आहे आणि पेनांगला वर्षातून एक-दोन फेऱ्या होतातच, त्यामुळे हातचं न राखता सांगतो. पाचही रात्री पेनांग, त्यातही मुक्काम जॉर्जटाउन या मुख्य गावात. खाकऱ्याचं एक पाकीट विमानापुरतं पुरे.

लंकावी छान आहे. केबल कार आहे, किनारे आहेत, १९८७ पासून करमुक्त असल्याने चॉकलेटं स्वस्त आहेत. पण तिथे दिवसभर गाडी हाताशी लागते, आणि शाकाहारी माणसाला रोज त्याच दोन-तीन हॉटेलांत जावं लागतं. पाच रात्रींत दोन बेटं करायची तर सामान बांधण्या-सोडण्यातच दीड दिवस जाईल, तेही आई-बाबांना घेऊन. आणखी एक. तुम्हाला कोणीतरी पर्‍हंतियान सुचवलंय, ते डिसेंबरसाठी विसरा. पूर्व किनाऱ्यावरच्या पर्‍हंतियान, रडांग, तियोमान या बेटांवर तेव्हा ईशान्य मोसमी पाऊस असतो, समुद्र खवळलेला असतो आणि बहुतेक रिसॉर्ट बंद असतात. आपला पाऊस जूनमध्ये, त्यांचा नोव्हेंबरनंतर. पेनांग पश्चिमेला असल्यामुळे डिसेंबर-जानेवारीत त्यामानाने कोरडं असतं. दुपारची एखादी सर येईल, म्हणून छत्री ठेवाच.

मी पहिल्यांदा गेलो तेव्हा बेट म्हणजे समुद्र असं धरून बातू फरिंगीला किनाऱ्यावरचं हॉटेल घेतलं होतं. पाणी गढूळ, त्यात जेलीफिशची भीती, आणि गावात जायला एकच वळणावळणाचा रस्ता. रोज संध्याकाळी जेवायला जॉर्जटाउनला यायचो आणि त्या रस्त्यावर तासभर अडकायचो. तिसऱ्या दिवशी बायको म्हणाली, "गावातच का नाही राहिलो?" तेव्हापासून गावातच राहतो. मुलीला वाळूत खेळायचं असेल तर एक सकाळ तिकडे जाऊन या, १०१ नंबरची बस जाते. त्याच बाजूला तलूक बाहांगला एंतोपिया हे फुलपाखरांचं उद्यान आहे आणि एस्केप नावाचा पार्क आहे, त्यातली पाण्याची घसरगुंडी १,१११ मीटर लांब आहे. मुलीला हे आधी सांगू नका, नाहीतर बाकी काही बघू देणार नाही.

कागदपत्रांचं आधी उरकतो. भारतीयांना ३० दिवसांपर्यंत व्हिसा लागत नाही. ही सवलत डिसेंबर २०२३ पासून आहे आणि ३१ डिसेंबर २०२६ पर्यंत वाढवलेली आहे. तुमच्या तारखा वर्षअखेरीच्या आहेत, त्यामुळे तिकिटं काढण्याआधी पुढच्या मुदतीचं काय ठरलंय ते एकदा बघाच. दुसरं, डिजिटल अरायव्हल कार्ड. पोचण्याच्या आधीच्या तीन दिवसांत ते ऑनलाइन भरायचं, प्रत्येकाचं वेगळं, मुलीचंही. सरकारी साइटवर ते फुकट आहे. माझ्या एका मावसभावाने घाईत भलत्याच साइटवर माणशी काही हजार मोजले, तेव्हा पत्ता नीट वाचा.

जाण्याचं म्हणाल तर चेन्नईहून इंडिगोचं पेनांगला थेट विमान डिसेंबर २०२४ मध्ये सुरू झालं. पुण्या-मुंबईहून थेट नाही. माझी पसंती मात्र मुंबई-क्वालालंपूर आणि पुढे रेल्वे. केएल सेंट्रलहून पेनांगसमोर मुख्य भूमीवर असलेल्या बटरवर्थपर्यंत ईटीएस गाडी चार-सव्वाचार तासांत जाते, स्वच्छ, थंडगार (आईंना शाल द्या, एसी हाडं गोठवतो). बटरवर्थला उतरलात की छताखालून चालत चालत थेट फेरीच्या धक्क्यावर. जुन्या अवजड फेरीबोटी २०२० अखेर निवृत्त झाल्या, ऑगस्ट २०२३ पासून नव्या, आटोपशीर बोटी आहेत. त्यात माणसं आणि दुचाक्या जातात, मोटारी जात नाहीत. दहा-पंधरा मिनिटांचा प्रवास, तिकीट किरकोळ. पण समोर हळूहळू मोठं होत जाणारं जॉर्जटाउन, मागे डोंगर आणि डावीकडे लांबवर साडेतेरा किलोमीटरचा पूल, हे बाबांना दाखवाच. पुलावरून टॅक्सीने आलात तर यातलं काही दिसत नाही. रेल्वेची तिकिटं मात्र आधी काढा. २०२६ पासून मलेशियातल्या शाळा पुन्हा जानेवारीत सुरू होऊ लागल्यात, म्हणजे डिसेंबर ही त्यांची मोठी सुट्टी. सिंगापूरच्या शाळांनाही तेव्हाच सुट्टी असते आणि ते सगळे खायला इकडेच येतात.

हॉटेलच्या काउंटरवर परदेशी पाहुण्यांकडून खोलीमागे रात्रीला १० रिंगिट (इथलं चलन) पर्यटन कर घेतात, शिवाय पेनांग राज्याचे दोन-तीन रिंगिट. ऑनलाइन पैसे भरले असले तरी हे वेगळे द्यावे लागतात. वाद घालू नका, फसवणूक नाही ती.

आता खाण्याकडे येतो, कारण पेनांगला माणूस त्यासाठीच जातो.

'पिनांग' म्हणजे मलय भाषेत सुपारी. पुलाऊ पिनांग, सुपारीचं बेट. आमचं मूळ वेंगुर्ल्याचं, त्यामुळे हे कळलं तेव्हाच मला या गावाशी नातं जुळल्यासारखं झालं. मग हळूहळू बाकीची ओळख पटत गेली. आसाम लाक्सा घ्या. पहिल्यांदा वाडगा समोर आला तेव्हा रंग बघून मन धजेना, करडा-तपकिरी रस्सा, वर कांदा, काकडी, अननस, पुदिना. पहिला घोट घेतला आणि थांबलो. अहो, हे तर बांगड्याचं तिखलं! त्यात पडतो तो 'कंबोंग' मासा म्हणजे आपल्या बांगड्याचाच भाऊ, शिजवून, काटे काढून, कुस्करून घातलेला. आंबटपणा चिंचेचा आणि 'आसाम कपिंग' नावाच्या सुकवलेल्या चकत्यांचा. हे फळ आपल्या कोकमाच्याच कुळातलं. तिरफळाऐवजी आल्याच्या जातीचं एक गुलाबी फूल, आणि भाताऐवजी तांदळाच्या जाड, बुळबुळीत शेवया. चमच्यात कोळंबीचा काळा गोडसर पाक वेगळा देतात, तो एकदम कालवू नका, कडेकडेने चाखत घ्या. बाबांसाठी हा पदार्थ निर्धास्त आहे, डुकराचा संबंध नसतो.

निर्धास्त नसलेले दोन. एक 'चार क्वे तियाव', म्हणजे मोठ्या आचेवर एकेक ताटली परतलेल्या तांदळाच्या चपट्या पट्ट्या. चिनी गाड्यावर त्यात डुकराची चरबी आणि सॉसेज असतं. मुस्लिम गाड्यावर मिळतो तो घ्या, कोळंबी असतेच. आणि दुसरा 'होक्कियन मी', म्हणजे रश्श्यातल्या शेवया, त्याचा रस्सा कोळंबी आणि डुकराच्या हाडांचा. तो बाबांना नको.

नासी कंदारबद्दल सांगितल्याशिवाय राहवत नाही. नासी म्हणजे भात, कंदार म्हणजे कावड. तमिळ मुसलमान विक्रेते खांद्यावर कावड घेऊन, एका टोकाला भात आणि दुसऱ्याला कालवण, असे गोदीवरच्या मजुरांना जेवू घालत. कावड गेली, नाव राहिलं. आता काउंटरवर वीसेक पातेली मांडलेली असतात. आपण बोट दाखवायचं, तो वाढतो. मग विचारतो, "बांजिर?" बांजिर म्हणजे पूर. होय म्हटलं की चार-पाच रश्श्यांचा पळ्यापळ्याने पूर येतो, आणि त्यात गोमांसाचा रस्साही असतो. म्हणून बाबांनी भातावर मासा घेऊन "कुआह ईकान साहाजा" म्हणावं, फक्त माशाचा रस्सा.

आता आई. शाकाहाराचं खरं शत्रुत्व मांसाशी नाही, ते डोळ्यांना दिसतं. शत्रू आहे 'ब्लाचान'. बारीक जवळा मीठ लावून, वाळवून, कुटून केलेली वडी. चटणीत असते, भाजीत असते, आणि स्वयंपाक्याच्या मते ती घातल्याने भाजी मांसाहारी होत नाही. माझ्या आत्याला एका साध्या खानावळीत हिरवी पालेभाजी आली. तिने देठ उचलून बघितला, पोकळ. "अगंबाई, नाळीची भाजी!" म्हणून खूश झाली. इथे तिला कांगकोंग म्हणतात. अर्धी ताटली संपल्यावर म्हणाली, "वास मात्र जवळ्यासारखा येतोय रे." मी खजील. चूक माझीच होती, मी फक्त "मांस नको" सांगितलं होतं. तेव्हा हे वाक्य फोनमध्ये लिहून ठेवा: "साया वेजिटेरियन. जांगान लताक दागिंग, आयाम, ईकान, उदांग, तलूर, ब्लाचान." मांस, कोंबडी, मासा, कोळंबी, अंडं, ब्लाचान घालू नका. हसून म्हणा, माणसं मनापासून मदत करतात.

पण वाक्याची गरज न पडणाऱ्या जागाही भरपूर आहेत. लेबुह पासार या रस्त्याच्या आसपासच्या लिटल इंडियात केळीच्या पानावर तमिळ शाकाहारी जेवण मिळतं, डोसे-इडल्या आहेत, आणि १८३३ चं महामारिअम्मन मंदिर तिथेच आहे. हा झाला सगळ्यांना ठाऊक असलेला मार्ग. त्याहून मजेचा मार्ग चिनी बौद्ध शाकाहारी खानावळींचा. पाटीवर '素' हे चिन्ह शोधा. या ठिकाणी मांसमच्छी तर नाहीच, कांदा-लसूणही बहुतेकदा नसतो, म्हणजे आईंना चतुर्मासातही चालावं असं. दहा-पंधरा भाज्या मांडलेल्या, ताटलीत भात घेऊन हवं ते वाढून घ्यायचं आणि बाई नुसत्या नजरेने हिशेब सांगते, बहुधा सात-आठ रिंगिट. एक रिंगिट साधारण वीस ते पंचवीस रुपये धरा. अंडं काही ठिकाणी असतं, तेवढं विचारा. आणि आईंना आधीच कल्पना द्या की सोया, मश्रूम आणि गव्हाच्या चोथ्याचे हुबेहूब मासे-कोंबड्या करतात, अगदी कातडीसकट. आत्याने तो 'मासा' दोनदा परत पाठवला होता.

कालनिर्णयात पौर्णिमा बघून ठेवा. बरेच चिनी लोक चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी शाकाहार पाळतात, त्या दिवशी या खानावळींत सकाळपासून ताजं आणि जास्त प्रकारचं मिळतं. कधी ऑक्टोबरात आलात तर नऊ सम्राट देवांचा नऊ दिवसांचा उत्सव गाठा. बहुतेक वर्षी तो आपल्या नवरात्राच्या आसपासच येतो, आणि रस्तोरस्ती पिवळ्या निशाणांखाली शाकाहारी गाडे लागतात.

गोडात चेंडोल. बर्फाचा चुरा, नारळाचं दूध, माडाचा गूळ, राजमा आणि 'पांदान' नावाच्या सुवासिक पानाच्या हिरव्या जाड शेवया. आमच्या शिरवळ्यांचा थंड प्रदेशात गेलेला चुलतभाऊ म्हणा. ज्यांना खरीच शिरवळे हवीत त्यांनी सकाळी 'पुतू मायम' मागावं, शेवयांवर खवलेला नारळ आणि गूळ. चहाला 'तेह तारिक', उंचावरून ओतून फेस काढलेला, आणि "कुरांग मानिस", म्हणजे गोड कमी, म्हणायला विसरू नका, नाहीतर कंडेन्स्ड मिल्कचा पाकच प्यायला मिळेल.

बघण्याचं थोडक्यात. जॉर्जटाउनला २००८ साली मलाक्काबरोबर जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. सकाळी आठ ते साडेदहा चाला, मग खोलीवर, पुन्हा पाचनंतर. दुकानांपुढची पडवी, 'काकी लिमा', सावलीची असते पण दर दुकानागणिक पातळी बदलते आणि मध्येच स्कूटर लावलेली असते. बाबांच्या गुडघ्यांकडे लक्ष असू द्या. लेबुह अर्मेनियनवरचं सायकलवरच्या दोन मुलांचं २०१२ चं भित्तिचित्र मुलीला आवडेल, फोटोसाठी रांग असते. पेनांग हिल ८३३ मीटर उंच, वर जायला दोराने ओढली जाणारी फ्युनिक्युलर रेल्वे. सकाळी लवकर आणि आठवड्याच्या मधल्या वारी जा. देखभालीसाठी ती अधूनमधून बंद असते, तेव्हा आधी तारीख तपासा. केबल कारचं काम चालू आहे, तिची वाट बघू नका. लाइट रेलचीही तीच गत, जानेवारी २०२५ मध्ये काम सुरू झालंय, तुमच्या वाट्याला फक्त खोदलेले रस्ते. परतताना त्याच बाजूचं केक लोक सी देऊळ. पायथा चिनी, मधला भाग थाई, कळस ब्रह्मी असा त्याचा पॅगोडा १९३० चा. करुणेची देवी कुआनयिन हिच्या तीस मीटर कांस्यमूर्तीपर्यंत जायला छोटी लिफ्ट आहे, बाबांना पायऱ्या चढवू नका. गावात फिरायला कॅट नावाची फुकट बस आहे, बाकी ग्रॅब, म्हणजे ॲपवरून बोलवायची टॅक्सी.

शेवटच्या दिवशी जायफळ घ्या, मलयमध्ये 'पाला'. आपण बी आणि जायपत्री ठेवतो, वरचा गर बहुतेक टाकून देतो. इथे त्या गराचं सरबत करतात, खारवून, साखरेत मुरवून लोणच्यासारखं विकतात. दुकानदार चवीला देतो. आई एक तुकडा तोंडात टाकून "यात मिरपूड कमी पडली" म्हणतील, आणि चार पाकिटं घेतील. खाकऱ्यांच्या रिकाम्या जागेत ती बसतात.

तारखा ठरल्या की कळवा. गाडीत कुठल्या बाजूच्या खिडक्या घ्यायच्या ते सांगतो.