बेकीला दोष द्यायचा की बाजाराला?

प्रश्न : आमच्या वाचन मंडळात इंग्रज लेखक थॅकरेच्या ‘व्हॅनिटी फेअर’ (म्हणजे पोकळ दिमाखाचा बाजार) या कादंबरीवर चर्चा आहे. तिच्या दोन नायिकांपैकी बेकी कारस्थानी, अमेलिया सोशिक. म्हणजे लेखकाला चांगली बाई अमेलियासारखीच हवी होती का? आणि हे आजच्या काळाशी कसं जोडायचं?

उत्तर : कादंबरी ६७ प्रकरणांची आहे, सगळ्यांची वाचून होणार नाही. निदान ३, ४१ आणि ६७ ही प्रकरणं प्रत्येकीने वाचून यावं.

तिसऱ्यात बेकी अमेलियाच्या श्रीमंत भावाला, जोसला गळाला लावू पाहते. तिथेच निवेदक बजावतो की तिला दोष देऊ नका. बाकी मुलींसाठी नवरा शोधायचं काम त्यांच्या आया करतात. बेकीला आई नाही. कारस्थान तेच, पण आईने केलं की त्याला स्थळ पाहणं म्हणतात!

४१ व्या प्रकरणात बेकीला वाटतं, वर्षाला पाच हजार पौंड असते तर मीही चांगली बाई झाले असते. चर्चेत हमखास एवढंच वाचून दाखवतात. त्याच परिच्छेदात थोडं पुढे वाचा : तिचं बरोबरही असेल, असं खुद्द निवेदक म्हणतो. उपरोधात बोलतंय कोण हे निसटलं की अर्थ उलटा होतो, म्हणून पात्राच्या आणि निवेदकाच्या वाक्यांखाली दोन रंगांच्या पेन्सिलींनी रेघा मारा.

अमेलिया आदर्श वाटत असेल तर शेवटचं प्रकरण काढा. तिच्यावर वर्षानुवर्षं मुकाट प्रेम करणाऱ्या डॉबिनशी तिचं जमतं तेव्हा निवेदक तिला जुन्या ओकला बिलगलेलं कोवळं बांडगूळ म्हणतो.

आवृत्ती सचित्रच घ्या. चित्रं थॅकरेचीच आहेत. जोसच्या मृत्यूत बेकीचा हात होता का, हे मजकूर उघड सांगत नाही. चित्रात मात्र ती पडद्याआड उभी आहे आणि खाली नाव आहे क्लायटेम्नेस्ट्रा, म्हणजे नवऱ्याचा जीव घेणारी ग्रीक राणी.

बेकी-अमेलियाच्या शाळेतल्या मिस श्वार्ट्झपाशी लेखकाला सूट नको. सेंट किट्स या कॅरिबियन बेटावरच्या या श्रीमंत, मिश्रवंशीय मुलीच्या केसांची, रंगाची टिंगल निवेदक स्वतः करतो. तिथे बाजारावरचा उपरोध संपतो, नुसता वर्णद्वेष उरतो.

‘बेकीने कष्ट करून का नाही खाल्लं?’ असं कुणीतरी विचारेलच. ती गव्हर्नेस, म्हणजे लोकांच्या घरी राहून मुलांना शिकवणारी बाई, होतीच की! शिवाय कादंबरी दरमहा छापून येत होती त्या १८४७-४८ मध्ये इंग्लंडात विवाहितेची कमाई कायद्याने नवऱ्याची असे. ते बदलायला १८७० आणि १८८२ चे कायदे यावे लागले.

आजच्यासाठी रविवारच्या पेपरातल्या वीस वधू-वर जाहिराती कापून आणा. मुलीकडून काय मागितलंय आणि मुलाबद्दल काय सांगितलंय, असे दोन रकाने करा. मग तिसरं प्रकरण पुन्हा मोठ्याने वाचा.