आवृत्ती संपलेल्या पुस्तकांविषयीच्या वाचकांच्या मतांवर किती विसंबावे?

जुन्या, आता न मिळणाऱ्या मराठी पुस्तकांविषयी वाचक 'अप्रतिम आहे, मिळेल त्या किमतीला घ्या' असे सांगतात, त्यावर किती विसंबावे, असे आपण विचारले आहे आणि एका विक्रेत्याकडे असलेल्या 'महाराष्ट्र शब्दकोशा'च्या सहा खंडांचे उदाहरण दिले आहे. मी एका तालुक्याच्या गावी वाचनालयात 26 वर्षे देवघेवीचे टेबल सांभाळले, त्यामुळे अशी मते रोज कानावर पडत. माझ्या मते, सांगणाऱ्याने कोणती आवृत्ती, केव्हा आणि कशासाठी वाचली हे सांगितले असेल, तरच त्या मताला वजन द्यावे. दुकानात मिळणाऱ्या पुस्तकाविषयी कोणी चुकीचे सांगितले, तर ऐकणारा दहा पाने चाळून स्वतः खात्री करून घेऊ शकतो. न मिळणाऱ्या पुस्तकाच्या बाबतीत त्याच्या हाती फक्त सांगणाऱ्याचा शब्द असतो, म्हणून तो शब्द जपून दिला पाहिजे असे मला मनापासून वाटते.

एक प्रसंग सांगतो. आमच्याकडे पाककृतींचे एक जुने पुस्तक होते. मुखपृष्ठ आणि पहिली आठ पाने गेलेली, शिवण सैल झालेली, कागद इतका कडक की पान दुमडले तर कोपरा तुटून हातात येई. एका बाईंनी दिवाळीपूर्वी ते नेले आणि परत करताना सांगितले की पुस्तकातली प्रमाणे सपशेल चुकीची आहेत, अनारसे कढईत टाकताच हसले. त्यांच्या शब्दावर आणखी दोघीतिघींनी ते पुस्तक नाकारले. पुढे मी ती कृती नीट वाचली, तेव्हा ध्यानात आले की तिथे तांदूळ मापी शेराने घ्यायचे होते आणि गूळ वजनी शेराने. वजनी शेर म्हणजे 80 तोळे, सुमारे 933 ग्रॅम. मापी शेर मात्र ठिकठिकाणी वेगळा, आणि आमच्या भागात त्यात वजनी शेरापेक्षा पुष्कळ जास्त तांदूळ बसत. बाईंनी दोन्ही जिन्नस काट्यावर तोलले, त्यामुळे तांदळाच्या मानाने गूळ जास्त झाला आणि अनारसे विरघळले. दशमान वजने 1958 पासून आली आणि 1962 पर्यंत सक्तीची झाली. त्याआधीचे पाकशास्त्र हाती घेणाऱ्याला शेर, पावशेर आणि नवटाक यांचा हिशेब कोणी तरी सांगितला पाहिजे. मी एका चिठ्ठीवर तो लिहून पुस्तकात ठेवला. पुढच्या दिवाळीत त्याच बाई तेच पुस्तक पुन्हा घेऊन गेल्या आणि या वेळी डब्यातून अनारसेही घेऊन आल्या.

पुस्तक मिळत नाही म्हणजे ते थोर असून उपेक्षित राहिले असे काहींना वाटते, तर चांगले असते तर पुन्हा छापले गेले असते असे दुसऱ्यांना वाटते, आणि हे दोन्ही तर्क फसवे आहेत. खिळ्यांच्या, म्हणजे शिशाची सुटी अक्षरे जुळवून होणाऱ्या, छपाईच्या काळात हजार-अकराशे प्रती निघाल्या की जुळवलेला मजकूर सोडवून खिळे आपापल्या घरांत परत जात, कारण तेच खिळे पुढच्या कामाला हवे असत. दुसरी आवृत्ती काढायची तर सगळा मजकूर पहिल्या अक्षरापासून पुन्हा जुळवावा लागे आणि मुद्रितेही पुन्हा तपासावी लागत. प्रकाशक वारला, वारसांत एकमत झाले नाही, कागद महागला, अशा कारणांनी उत्तम पुस्तकेही थांबली आणि सुमार पुस्तकेही थांबली.

विषय बदलला की मत तपासण्याची रीतही बदलते. त्रिंबक नारायण आत्रे यांचे 1915 सालचे 'गावगाडा' अनेक वाचक डोक्यावर घेतात आणि त्यात चूक नाही, कारण वतने, बलुती, पाटील-कुलकर्ण्यांचे व्यवहार आणि कुणब्याची ओढाताण इतक्या जवळून पाहून लिहिणारे महसूल खात्यातले दुसरे माणूस सापडणे कठीण आहे. आमच्याकडे एका निवृत्त तलाठ्यांनी ते वाचून आजोबांच्या कागदपत्रांतल्या निम्म्या शब्दांचा उलगडा करून घेतला. परंतु फिरस्त्या जमातींविषयी त्यात जे लिहिले आहे, ते अनेक जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवणाऱ्या सरकारी कायद्याच्या काळातल्या अधिकाऱ्याच्या नजरेचे आहे, आणि आज ते वाचताना त्रास होतो. जो वाचक पहिली गोष्ट सांगतो आणि दुसरी गाळतो, त्याचे मत मी अर्धेच धरतो. घरगुती औषधांच्या जुन्या पुस्तकांबाबत तर 'आमच्या आजीला गुण आला' एवढ्यावर कोणीही काहीही पोटात घेऊ नये.

वाचकाच्या मताचा एक मोठा दाखला मात्र सांगितलाच पाहिजे. ताराबाई शिंदे यांचे 'स्त्रीपुरुषतुलना' 1882 मध्ये पुण्यात छापले गेले. त्यावर टीका झाली, तेव्हा जोतीराव फुले यांनी 1885 मध्ये 'सत्सार' या आपल्या नियतकालिकातून ताराबाईंची बाजू घेतली आणि टीका करणाऱ्यांना उत्तर दिले. त्यानंतर ते पुस्तक जवळजवळ विस्मरणात गेले, आणि 1975 मध्ये स. गं. मालशे यांनी ते संपादून पुन्हा प्रसिद्ध केले. मधली नव्वदहून अधिक वर्षे ज्यांनी त्याच्या प्रती टाकून न देता जपल्या, त्यांची नावे कुठेही नोंदलेली नाहीत, आणि प्रती जपणे हेही मला मत देण्यासारखेच वाटते.

आपल्याला मत पडताळून पाहायचे असेल तर शंकर गणेश दाते यांची 'मराठी ग्रंथसूची' आधी पाहा. तिचे दोन खंड मिळून 1800 ते 1950 या काळातल्या मराठी ग्रंथांच्या नोंदी देतात, त्यामुळे विक्रेता ज्याला दुर्मिळ म्हणतो ते पुस्तक कोणाचे आणि कोणत्या सालचे हे कळते. नंतर इंटरनेट अर्काइव्ह या विनामूल्य संकेतस्थळावर शोधा, कारण डिजिटल लायब्ररी ऑफ इंडियाच्या उपक्रमात स्कॅन झालेली पुष्कळ मराठी पुस्तके तिथे आहेत. मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय, ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय, पुणे नगर वाचन मंदिर यांसारख्या जुन्या संस्थांतही चौकशी करावी. आणखी एक तरतूद फार थोड्यांना माहीत असते. 1957 च्या कॉपीराइट कायद्यानुसार, भारतात विक्रीस उपलब्ध नसलेल्या पुस्तकाच्या, ग्रंथालयाच्या वापरासाठी, जास्तीत जास्त तीन प्रती ना-नफा सार्वजनिक ग्रंथालयाच्या प्रमुखाला करून घेता येतात. लेखकाच्या मृत्यूनंतर 60 वर्षे उलटली असतील तर मूळ मजकूर सर्वांना खुला असतो. नव्या संपादकाची प्रस्तावना आणि टिपा मात्र खुल्या नसतात.

आता आपल्या शब्दकोशाविषयी. य. रा. दाते आणि चिं. ग. कर्वे प्रभृतींचा हा कोश 1932 ते 1938 या काळात सात खंडांत निघाला, म्हणजे विक्रेत्याकडे एक खंड नाही. शब्दांचे अर्थ शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर विनामूल्य पाहता येतात, परंतु खंडांच्या प्रस्तावना निवांत वाचायच्या असतील तर कागदावरची प्रत जवळ असणे मला आवडते. कोणता खंड नाही ते विचारा, उरलेल्या सहांना कसर लागली आहे का ते शिवणीजवळ उघडून पाहा, आणि सहा खंडांना पूर्ण संचाची किंमत देऊ नका.