बिलाचा फॉर्म सेव्ह करताना लूपमध्ये क्वेरी नको

२० ओळींचं बिल सेव्ह करताना प्रत्येक ओळीसाठी आधी सिलेक्ट (नोंद आहे का ते बघणं), मग इन्सर्ट (नवी घालणं) किंवा अपडेट (जुनी बदलणं) चालवलं, तर ४० क्वेरी, म्हणजे डेटाबेसला ४० आज्ञा, होतात. मायएसक्यूएल या डेटाबेसमध्ये हे काम दोन क्वेरींत होतं.

आधी बिल क्रमांक आणि ओळ क्रमांक या दोन कॉलमांवर मिळून युनिक इंडेक्स लावा, म्हणजे तीच जोडी दुसऱ्यांदा शिरणार नाही. दोन्ही कॉलम नॉट नल (रिकामे ठेवता न येणारे) हवेत, कारण नल असलेल्या ओळी युनिक इंडेक्स अडवत नाही आणि डुप्लिकेट शिरतात. मग सगळ्या ओळी एकाच इन्सर्टमध्ये, शेवटी 'ऑन डुप्लिकेट की अपडेट' (नोंद आधीच असेल तर ती बदल) लावून पाठवा. वापरकर्त्याने काही ओळी काढल्या असतील, तर उरलेल्या ओळींना सलग क्रमांक देऊन शेवटच्या क्रमांकापुढच्या ओळी एका डिलीटने उडवा. दोन्ही एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये, म्हणजे झाल्या तर दोन्ही, नाहीतर एकही नाही.

फक्त वेग वाढतो म्हणून हे सांगत नाही. सिलेक्ट आणि इन्सर्टच्या मधल्या क्षणात सेव्हचं बटण दुसऱ्यांदा दाबलं गेलं, तर दोन्ही रिक्वेस्टना 'नोंद नाही' असंच उत्तर मिळतं. युनिक इंडेक्स ती फट बुजवतो.

'रिप्लेस' मात्र टाळा. ते जुनी ओळ पुसून नवी घालतं, त्यामुळे ऑन डिलीट कॅस्केड (मूळ ओळ पुसली की तिच्यावर अवलंबून असलेल्याही पुसण्याची सोय) असेल तर जोडलेल्या नोंदीही जातात.

एकच ओळ पाठवून बघा: 'अफेक्टेड रोज' (rows), म्हणजे परिणाम झालेल्या ओळींचा आकडा, नव्या नोंदीला १, बदललेल्या नोंदीला २ येतो. म्हणून २ दिसले की दोन ओळी शिरल्या असं समजू नका. नव्या बिलाचा आयडी घ्यायला वेगळं सिलेक्टही नको, लास्ट इन्सर्ट आयडी (नुकत्याच घातलेल्या नोंदीला डेटाबेसने आपोआप दिलेला क्रमांक) पुरतो.